पेजेचा वास

सौदामिनीबाईंचं बोट दिव्याच्या बटणावर टेकलं होतं, तेवढ्यात दारातून ठकुबाई किंचाळली, "हात काढा, बाई! बटण दाबू नगा!"

बाईंनी दचकून हात मागे घेतला. दूध घालायला आलेली ठकुबाई नाकाला पदर लावून उंबऱ्यावर उभी होती. "ग्यास सुटलाय. भायेर या आदी."

बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडीवर आंबेमोहोराची पेज ठेवली होती. ती उतू जाऊन खालची आच विझली होती, आणि शेगडी तशीच चालू होती. किती वेळ, कोण जाणे. त्या पलीकडच्या खोलीत वाचत बसल्या होत्या. वाचनालयातून आणलेला, खाण्यावरच्या लेखांचा संग्रह. त्यात पेजेवर एक लेख होता. लिहिणाऱ्यानं वाफेपासून सुरुवात केली होती, मग तूप, मग मेतकूट. वाचता वाचता पेजेचा वास इतका दाटून आला की त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग आभाळ भरून आलं, खोलीत अक्षरं दिसेनात, म्हणून त्या दिवा लावायला उठल्या होत्या.

त्या अंगणात आल्या. पुस्तकात बोट तसंच. ठकुबाईनं दुधाची किटली पायरीवर ठेवली आणि ती सरळ आत शिरली.

आत फ्रिज होता. तो केव्हाही आपला आपण सुरू व्हायचा, आणि एक ठिणगीही पुरे होती. हे ध्यानात आलं आणि बाई दाराकडे वळल्या. आतून खिडकीची खिटी निघाल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग काहीच नाही.

ठकुबाई खोकत बाहेर आली. "टाकी बंद केली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "येवढा वास, बाई! मला पार फाटकापाशी आला. तुमाला न्हाई आला?"

"सर्दी झालीये."

ठकुबाईनं आपला तळवा त्यांच्या नाकाशी धरला. "ह्याला कसला वास येतोय?"

बाईंनी श्वास ओढला. पुन्हा ओढला. "दुधाचा."

"लसूण हाय. दुपारधरनं सोलत व्हते."

सौदामिनीबाई पायरीवर बसल्या. "तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून," त्या हळूच म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. येते ती फक्त ह्यात." त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं. "माझ्या मुलाला सांगू नका, ठकुबाई. एकटं राहू देणार नाही तो मला इथं."

ठकुबाईनं शेजारी बसकण मारली आणि तोंड दाराकडे केलं. "वास गेल्याबिगर आत पाय ठिवायचा न्हाई. गेला की म्या सांगते. तवर मोठ्यानं वाचा काय त्ये."

बाहेर अजून उजेड होता. बाईंनी पुस्तक उघडलं. त्या वाचू लागल्या. एक ओळ दोनदा वाचली गेली, एक सुटली. चुलीवरून उतरवलेलं पातेलं आलं, कोमट पेजेत विरघळणारं मीठ आलं. कैरीच्या लोणच्यापाशी त्या थांबल्या आणि उघड्या दाराकडे बघून म्हणाल्या, "गेला का हो?"

दारातून आता वास येत नव्हता. ठकुबाईनं तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली. "वाचा."