घास भरवण्याचा कार्यक्रम

“जोडी सापडली!” राजाभाऊ माइकवर ओरडले, आणि शुभाच्या हातातला झारा कढईवर थांबला.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या रस्त्यावरची जत्रा ऐन भरात होती. मागच्या उन्हाळ्यातल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या झेंड्यांच्या माळा यंदाही खपवल्या होत्या. एका बाजूला तुर्की बायका पातळ पोळ्या लाटून त्यात पालक भरत होत्या, दुसऱ्या बाजूला फायर ब्रिगेडवाले बिअर ओतत होते, आणि मधल्या तंबूत महाराष्ट्र मंडळ बटाटेवडे तळत होतं. जर्मन माणूस परक्या पदार्थाकडे आधी संशयाने बघतो. आत बटाटा आहे कळलं की पाघळतो. रांग ट्रामच्या रुळांपर्यंत गेली होती.

मंडळाने ‘मराठी लग्नाची झलक’ कबूल केली होती. नवरानवरी ठरले होते कपिल आणि इरा, दोघंही पीएचडी करणारी, लग्नाचं नवंपण अजून न उतरलेली. पण इराला सकाळी ताप भरला, आणि इकडे पेपरचा फोटोग्राफर येऊन उभा. मंडळाचे अध्यक्ष म्हणून राजाभाऊंनी तंबूभर नजर फिरवून हिशेब केला. बायकांत शुभाची साडी बरी, पुरुषांत तिच्या नवऱ्याचा, उल्हासचा, कुर्ता इस्त्रीचा. झालं.

“राजाभाऊ, राहू द्या ना. वडे करपतील.”

“वडे मी बघते,” म्हणत शोभनावहिनींनी झारा काढून घेतला. राजाभाऊंच्या त्या पत्नी. नवऱ्याने चारचौघांत टाकलेला शब्द झेलायचा आणि घरी गेल्यावर त्याची वसुली करायची, ही त्यांची रीत. “नटायचं नाही, नाचायचं नाही. एक नाव घ्यायचं, जिलबीचा एक घास भरवायचा. रोज वाढतेसच की गं त्याला!”

रोज वाढत नव्हती. वर्ष होत आलं, शुभाने उल्हासला पाण्याचा ग्लाससुद्धा दिला नव्हता. पासपोर्ट जर्मन झाले तसा घटस्फोटही जर्मनच घ्यावा लागणार होता, आणि त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहायचं. दुसरं घर परवडत नव्हतं. “एका घरात चालेल,” वकीलबाई म्हणाल्या होत्या, “पण स्वयंपाक वेगळा, कपडे वेगळे, झोपणं वेगळं. एकमेकांना करून वाढायला लागलात, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून.” संसार मोडलाय की नाही, हे इथलं कोर्ट चुलीवरून ओळखतं. फ्रिजचा वरचा कप्पा तिचा, खालचा त्याचा. मंडळात कुणाला पत्ता नव्हता. सगळं उरकलं की सांगू, असं दोघांचं ठरलेलं. भांडणं कधीच संपली होती. आता फक्त वर्ष संपायचं होतं, ते पुढच्या महिन्यात संपणार होतं.

कुणीतरी दोघांना मुंडावळ्या बांधल्या. शुभाच्या हातात कागदी ताटली आली.

“नाव घे! नाव घे!”

शुभाने घसा खाकरला.

“साखर ब्राउनश्वाइगची, केशर काश्मीरचं,
उल्हासरावांना घास देते, मन राखते राजाभाऊंचं.”

हशा पिकला. राजाभाऊ माइकवर जर्मनमध्ये भाषांतर करायला गेले आणि काश्मीरपाशीच अडकले.

तिने जिलबीचा तुकडा मोडून हात वर नेला. आत काहीतरी हलेल म्हणून क्षणभर वाट पाहिली. राग, लाज, निदान जुनं काहीतरी. बोटांना पाक चिकट लागत होता, तेवढंच.

“पेपरात येणार हे,” उल्हास ओठ न हलवता म्हणाला. “तुझ्या वकीलबाई पेपर वाचतात?”

“वाचतात.”

“मग?”

“नाही भरवला, तर इथे सगळ्यांना कळेल.”

“हसत राहा,” तो म्हणाला. आणि तिच्या बोटांतला घास त्याने आपल्या हाताने घेतला, आपल्याच हाताने तोंडात टाकला.

“लाजले हो भावोजी!” शोभनावहिनी कढईपासून ओरडल्या.

फोटोग्राफरला आणखी एक फोटो हवा होता. दुसरा घासही उल्हासने तसाच खाल्ला. मराठी लग्नात बायको घास पुढे करते आणि नवरा तो हाताने घेतो, असं फोटोग्राफरने लिहून घेतलं. राजाभाऊंनी ते दुरुस्त केलं नाही. प्रथेपेक्षा फोटो महत्त्वाचा.

गर्दी पांगली. शुभा मुंडावळ्या सोडत होती. उल्हास तिथेच उभा होता.

“सकाळपासून काही खाल्लं नाहीये,” तो म्हणाला. “ब्रेड संपला माझा.”

शुभाने कढईकडे पाहिलं. ताजा घाणा निघत होता. तिथून एक वडा उचलून त्याच्या हातावर ठेवायला काही लागलं नसतं.

“कूपन घे,” ती म्हणाली. “रांगेत ये. जत्रेत विकत घेतलेलं वाढण्यात धरत नसतील.”

“विचारलंयस?”

“नाही.”

त्याने मान हलवली. कूपन घेऊन तो ट्रामच्या रुळांपाशी, रांगेच्या शेवटाला, कुत्रं घेऊन आलेल्या एका म्हातारीमागे उभा राहिला. इस्त्रीच्या कुर्त्यामुळे लांबूनही ओळखू येत होता. शोभनावहिनी ते पाहून म्हणाल्या, “बघ, अध्यक्षांना शिकवायला हवं हे. आमचे हे मागच्या बाजूने येऊन उचलतात.”

शुभा टेबलामागे जाऊन उभी राहिली, रांग सरकत राहिली. म्हातारीला वडा मिळाला, तिच्या कुत्र्याला वड्याचा कोपरा. मग उल्हासने कूपन टेबलावर ठेवलं.

शुभाने ताटलीत वडा ठेवला, चटणीत चमचा बुडवला, आणि इतर सगळ्यांना विचारत होती तसंच त्यालाही जर्मनमध्ये विचारलं, “तिखट चालेल का?”

उल्हासला जरा विचार करावा लागला.

“थोडंसं,” तोही जर्मनमध्येच म्हणाला.