तिसरं रडणं

तारापूरच्या बांधकामावरल्या मजुरांच्या चाळीत अकरा खोल्या होत्या आणि पाच तान्ही बाळं. दुपारच्या सुट्टीत पायासाठी खडकात सुरुंग उडाला, की चार बाळं एकदम किंचाळून उठायची. मैनाबाईचा सात महिन्यांचा सोपान मात्र भाकरीचा पापुद्रा चघळत निवांत बसायचा.

"ढाण्या वाघ हाय आपला," तिचा नवरा झुंबर तिला रोज सांगायचा. शेजारची साखरबाई आपल्या नातवाला दटावायची, "बघ की जरा त्याच्याकडं, रडक्या!"

एकदा सुट्टीतच पालघरहून नर्सबाई देवी टोचायला आल्या. सुई लागताच सोपाननं भोकाड पसरलं.

"वाघ रडला गं बाई!" साखरबाई हसली.

मैनाबाई ओशाळली. "याची दोनच रडणी हायेत, बाई. भूक लागली की कुरकुरतो, दुखलं की असा किंचाळतो. भ्याल्यावर रडायचं त्याला ठावंच न्हाई. सुरुंगालासुदीक हालत न्हाई."

नर्सबाईंचं हसू मावळलं. त्यांनी तिला सोपानला छातीशी धरून बसायला सांगितलं आणि तिचीच पितळी थाळी घेऊन त्याच्या पाठीमागून चमच्यानं वाजवली. साखरबाईचा नातू दचकून रडू लागला.

"वाघ हाय तो," झुंबर हळूच म्हणाला.

"परत वाजवा, बाई," मैनाबाई म्हणाली.

नर्सबाईंनी डाव्या कानामागे तीनदा वाजवली, उजव्या कानामागे तीनदा.



सहाही वेळा सोपानची पापणी लवली नाही.