पहिलीचं रजिस्टर

पोरींच्या हॉकी सामन्यात हाफटाइमला स्कोअर एक-शून्य होता, आणि तो एक सौंसरचा होता.

पांढुर्ण्याचे खेळ-शिक्षक पुंडलिकराव आपल्या पोरींना संत्र्याच्या फोडी वाटत होते. संत्री आंबट होती. एकीनंही तक्रार केली नाही, यावरून टीमची अवस्था कळावी.

पलीकडे सौंसरचे गुणवंता सर ग्लुकोजचं पाणी ढवळत होते. मागच्या वर्षी रिटायर झाले, पण मिळालेली शाल कपाटात टाकून पुन्हा मैदानावर आले, फुकट.

"सर, ती नऊ नंबरवाली मले धक्केच मारून राहिली," कप्तान चंचल म्हणाली.

"तूबी मार. पण अंपायर तिकडे पाहत असन तवा."

कोणी हसलं नाही. क्रीडा वसतिगृहाची निवड समिती आली होती आणि ती जिंकणाऱ्या टीममधल्याच तीन पोरी नेणार होती. चंचलच्या बापानं सांगून ठेवलं होतं, वसतिगृहात लागली तर शिकू दे, नाही तर दिवाळीनंतर शाळा बंद. पुढच्या साली ती चौदा वर्षांखालच्या गटातून बाद. पुंडलिकरावांच्या नोकरीची अजून चार वर्षं होती, तेवढ्यात दुसरी एखादी चंचल सापडलीही असती. या चंचलला मात्र दुसरं साल नव्हतं.

पुंडलिकरावांनी नऊ नंबरकडे पाहिलं. भाग्यश्री नाव. त्यांच्यापेक्षा बोटभर उंचच.

"ही चौदाच्या आतली? मले मिशा फुटल्या तवा मी एवढा नव्हतो," ते म्हणाले आणि तडक समितीच्या टेबलाकडे गेले.

टेबलावर समितीच्या प्रमुख अनुराधा मॅडम होत्या. त्यांना हसताना पाहिलेला माणूस तालुक्यात नव्हता.

"नऊ नंबरच्या वयावर आक्षेप आहे."

"लेखी द्या. मी मार्कशीट मानत नाही, मोबाइलवरचा फोटो तर नाहीच. पहिलीत नाव घातलं ते रजिस्टर मागवते."

गुणवंता सर दुखरे गुडघे ओढत धावत आले.

"पुंडलिक, लिहू नको लेका. पोरगी साफ आहे."

"साफ आहे तं भेतो काहून?"

गुणवंता सरांनी मॅडमकडे चोरून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तिची पहिली आपल्याच शाळेत झाली. रजिस्टर लोधीखेड्याहून येईन."

पुंडलिकरावांचं पेन थबकलं. लोधीखेड्याच्या त्या शाळेत दोघं एका बाकावर बसलेले. हेडमास्तरांनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला होता. ज्याचा हात पोचला तो सहा वर्षांचा, आणि त्याची जन्मतारीख एक जुलै. सरकारला मूल कधी जन्मलं याच्याशी देणंघेणं नव्हतं, कान सापडल्याशी होतं.

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. चंचल बुटाची तुटकी नाडी दातांनी ताणून बांधत होती.

त्यांनी सही केली.

"नियम माहीत आहे ना?" मॅडमनी पांढुर्ण्याची यादी पुढ्यात ओढली. पुंडलिकरावांच्याच वळणदार अक्षरातली. तेरा पोरी, शेवटी प्रशिक्षक म्हणून स्वतः, प्रत्येक नावापुढे जन्मतारीख. "यादीतली एक जरी तारीख खोटी निघाली, तर अख्खी टीम बाद. दोघांनाही लागू."

"जोरात वाचा मॅडम. सौंसरवाल्यांनाही ऐकू द्या."

समितीचे कारकून मोतीराम बाबू मोटरसायकलवर लोधीखेड्याला गेले. तोवर खेळ चालू ठेवायचा ठरलं.

आणि मग चंचलला काय झालं कोण जाणे. पेनल्टी कॉर्नरवर तिनं बरोबरी साधली. शेवटच्या मिनिटाला भाग्यश्रीच्या बगलेतून वाट काढत, मुरमावर गुडघे सोलून घेत, तिनं दुसरा गोल केला. दोन-एक.

पुंडलिकराव तिच्याकडे धावले नाहीत. टेबलाकडे धावले.

"मॅडम, तो अर्ज वापस द्या. आता काही गरज नाही त्याची."

"आवक नंबर पडला त्यावर."

"खोडून टाका ना."

मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गुपचूप परतले.

निवड समितीनं पहिलं नाव चंचलचं लिहून घेतलं. ती येऊन सरांच्या शेजारी बसली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "सर, कायचे आंबट संत्रे आणले जी तुम्ही!"

मोतीराम बाबू धुळीनं माखून आले. मॅडमनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. भाग्यश्री, तेरा वर्षं दोन महिने. आक्षेप फेटाळला.

भाग्यश्री कोपऱ्यात रडत होती. एक तर हार, वरून वयाचा बट्टा. पुंडलिकराव तिच्याजवळ गेले.

"चुकलं बेटा माझं." तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांना हात बराच उंच न्यावा लागला.

मग घाईनं टेबलाशी येऊन म्हणाले, "चला, विषय संपला. यादीवर शिक्का मारा मॅडम, आमची बस निघून राहिली."

"थांबा ना सर," मोतीराम बाबूंनी पिशवीतून कापडात बांधलेलं आणखी एक बाड काढलं. चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. "एवढ्या दूर गेलो, तं म्हटलं पेटीतलं जुनंही घेऊन जाऊ. तुमचं अन् गुणवंता सरांचं नाव आहे याच्यात, एकाखाली एक. हे पाहा मॅडम, जन्मतारीखही एकच, सालासकट."

गुणवंता सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

मॅडमनी पिवळं पान पाहिलं. मग यादी जवळ ओढली. त्यांचं बोट चंचलच्या नावावरून खाली आलं, राखीव पोरींवरून खाली आलं आणि शेवटच्या ओळीतल्या जन्मसालावर थांबलं.

"गुणवंता सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही मागच्या वर्षी रिटायर झालात ना?"