डॉक्टरांनी कोणाला विचारायचं?

शलाकाला कळा सुरू होऊन चौदा तास झाले होते. डॉक्टर दाभाडे तिच्याच खाटेपाशी उभे राहून तिच्या नवऱ्याला, निरंजनला, म्हणाले, "बाळ खाली सरकत नाहीये. सिझेरियन करावं म्हणतो. तुमचं काय मत?" निरंजनने आईकडे पाहिलं, आईने विहिणीकडे.

कळ ओसरताच शलाका म्हणाली, "डॉक्टर, मी गुरांची डॉक्टर आहे. म्हशीचं सिझेरियन करायचं तर मीही मालकालाच विचारते. कारण म्हशीला बोलता येत नाही."

नर्स खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे वळली. दाभाडे कानापर्यंत लाल झाले, मग स्टूल ओढून शलाकाजवळ बसले. तिने बाळाचे ठोके विचारले, धोके विचारले. सगळं ऐकून ती म्हणाली, "ठोके चांगले आहेत, तर तासभर वाट बघू."

तास उलटला, बाळ जागचं हललं नाही. "आता करा," तिनेच सांगितलं. फक्त कमरेखाली भूल दिल्यामुळे ती शुद्धीवर होती. दाभाडे पडद्यापलीकडून घडोघडी विचारू लागले, "चालेल ना?" शेवटी शलाका ओरडली, "डॉक्टर, आता विचारू नका, बाळ काढा!" मिनिटभरात मुलीने टाहो फोडला.