तुमचा मुलगा तो माझा मुलगा

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच रॅन्सम टटल नवी पोरं मिळवायला घरोघरी हिंडतात. लुइझियानातल्या कुणाच्याही स्वयंपाकघरात बसतात, कोळंबीचा गंबो, म्हणजे तिथलं घट्ट कालवण, पुन्हा मागून घेतात आणि आईचा हात धरून म्हणतात, "ताई, आजपासून तुमचा मुलगा तो माझा मुलगा."

क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा डाव चालवणारा खेळाडू, मैदानात एकच लागतो. पुढच्या वर्षी साहेब दुसऱ्या कॉलेजातून तयार क्वार्टरबॅक पळवून आणतात आणि हा मानलेला मुलगा बाकावर बसतो. वैतागून त्याने कॉलेज बदललं, की साहेब पत्रकारांपुढे गळा काढतात, "हल्लीच्या पोरांना निष्ठा म्हणून नाही!"

यंदा त्यांचा स्वतःचा मुलगा बारावीत आहे, आणि तोही क्वार्टरबॅकच. परवा टेक्सासचा एक कोच त्यांच्या घरी आला. त्याने गंबो पुन्हा मागून घेतला, साहेबांच्या बायकोचा हात धरला आणि म्हणाला, "ताई, आजपासून तुमचा मुलगा..."

साहेबांनी त्याला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. सरळ दाराबाहेर काढलं.

"अरे, एवढं काय चुकलं बिचाऱ्याचं?" बायको चिडली.



"असं बोलणाऱ्या माणसाच्या हाती कुणी पोटचा पोर देतं का?"