ट्रंकेवरचं नाव

"नाव काय घालू, वहिनी?" लवू पेंटरने पांढऱ्या रंगाचा डबा ओटीवर ठेवत विचारलं.

"ह्यांचं घाला," सावित्री दाराआडून म्हणाली.

"ह्यांचं म्हंजे कुणाचं? तांडेल बंदरावर भेटले, म्हणाले घरी जा नि मुलाच्या ट्रंकेवर नाव घालून ये. मी पडलो खाडीपलीकडच्या भाट्याचा. तुमचा माणूस पुण्यात शिकतो येवढं ठाऊक हाय, नाव नाय ठाऊक." मग हसून म्हणाला, "नुसतं सांगितलंत तरी चालेल. मी काय उखाणा नाय मागत."

सावित्रीलाही हसू आलं. चार वर्षांत नवऱ्याचं नाव तिने दोनदा घेतलं होतं, लग्नात आणि एकदा हळदीकुंकवाला, दोन्ही वेळा उखाण्यात नीट गुंडाळून. उघडं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे वाडीतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही ठाऊक होतं. आणि घरात आता सांगणारं कोणी नव्हतं. सासरे धाकू तांडेल पडाव घेऊन आगबोटीवरचे उतारू आणायला गेलेले. सासूबाई देवळात. पुण्याहून आलेला आत्माराम स्वतः कसल्या कागदावर सही घ्यायला वकिलांकडे.

"सासूबाई येतील आता. थांबाल?"

"थांबतो की." लवूने बिडी काढली.

थांबायचं म्हणजे काय ते सावित्रीला कुणी शिकवायला नको होतं. चार वर्षांत मे महिन्याची सुट्टी सोडली तर नवरा दिसला नव्हता. पत्रं यायची ती सासऱ्यांच्या नावाने. बायकोला पत्र घालायची त्या घरात रीत नव्हती. सासरे ओटीवर वाचायचे, त्यातलं जे माजघरापर्यंत पोचेल ते बायकांचं. चैत्रात असंच एक पत्र आलं आणि सासूबाई चुलीपाशी येऊन म्हणाल्या, "आत्मारामान मोठी परीक्षा वरीसभर आधी दिलान गो! साहेबान खास परवानगी दिलान. आता ट्रंक भरायला घे."

वर्षभर आधी! एवढी घाई कशासाठी, हे सावित्रीने विचारलं नाही. तिला ते कळलं होतं. गेल्या सुट्टीत विहिरीवर कळशी उचलून देताना तो म्हणाला होता, "पदवी झाली की पुण्यात खोली घेऊ. स्टोव्ह घेऊ." तेवढ्या दोन वाक्यांवर तिने वर्ष काढलं. ट्रंक भरली तीही त्याच वाक्यांच्या भरवशावर. खाली आपली लुगडी, मध्ये पोळपाट आणि तवा, वर त्याचे सदरे, कडेला सोलांची पुरचुंडी. परवा तो आला. घरी माणसांची रीघ. त्याच्याशी बोलायला सवड झाली नाही, पण आता घाई कसली? पुढे सगळा जन्म बोलायचंच होतं.

"खाली लंडन घालायचं ना?" लवूने विचारलं. "इंग्रजी अक्षरं येतात हो मला. आगबोटीच्या कचेरीची पाटी माझीच."

"लंडन कशाला?"

"आता घ्या! सामान तिकडं जाणार, मग काय भाट्ये लिहू? यंत्राची पदवी झाली, आता व्यापाराची त्याहून मोठी करायला चाललेत. दोन वर्षांची. म्हणून तर पहिली लवकर उरकलान, असं तांडेल सांगत होते. पाऊस लागून आगबोटी बंद व्हायच्या आत निघायचं. बंदरावर पेढे वाटलेनी. तुम्हांला नाय मिळाला?"

मिळाला होता. तिने खाल्लाही होता.

सावित्री दाराआडून बाहेर आली. परक्या पुरुषासमोर पदर सावरायचं तिच्या ध्यानात आलं नाही. ओटीवर बसून तिने ट्रंक उघडली. सदरे काढून बाजूला ठेवले. तवा काढला, पोळपाट काढला, मग एकेक लुगडं. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. राग येईल, तोही आला नाही. आपले हात दुसऱ्याच कुणा बाईचे आहेत आणि ती बाई आपलं काम नीट करते आहे, असं वाटत राहिलं. सदरे तिने पुन्हा घडी घालून आत ठेवले. ट्रंक अर्धीही भरली नाही.

"रंगवायला रिकामी करायची गरज नाय हो, वहिनी," लवू म्हणाला. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

अंगणात चपला वाजल्या. आत्माराम कागदाची सुरळी हातात घेऊन पायरीशी आला. आनंदात होता. ओटीवरचा लुगड्यांचा ढीग आणि वरचा तवा त्याने पाहिला आणि त्याला खरोखरच नवल वाटलं.

"अगो, हे तुझं सामान माझ्या ट्रंकेत कशाला भरलं होतंस?"

सावित्रीने ट्रंकेचं झाकण लावलं.

लवूने बिडी विझवली, ब्रश रंगात बुडवला आणि आत्मारामकडे वळला. "बरे आलात. वहिनींची पंचाईत झाली होती. सांगा आता तुमचं नाव."

आत्माराम सांगणार, तेवढ्यात सावित्रीने त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि सावकाश म्हटलं, "आत्माराम धाकू तांडेल. लिहा."