‘कदाचित’ खोडल्यावर

“अप्पा, तुम्ही चादरी विकताय की माफी मागताय?”

महादेवीनं वडिलांचा प्रस्ताव दोन बोटांनी धरून, मेलेल्या झुरळासारखा, टेबलावर ठेवला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. बसलिंगप्पांचा चादरींचा कारखाना एका ऑर्डरवर अडून होता. पुण्याच्या सरकारी खात्याला कुठल्याशा मोठ्या संस्थेसाठी चादरी हव्या होत्या. ऑर्डर हुकली तर माग बंद, विणकर घरी.

“नम्रपणानं लिवलंय की,” बसलिंगप्पा म्हणाले.

“‘शक्यतो वेळेवर देऊ.’ शक्यतो म्हणजे? ‘आमच्या अल्पमतीनुसार माल बरा आहे.’ अल्पमतीच्या माणसाकडून कोण माल घेईल? आणि हे: ‘फार भार पडल्यास चादर कदाचित फाटेल, क्षमस्व.’”

“आन् फाटली तर? खोटं कशाला लिवायचं?”

“फाटते का, ते कधी पाहिलंय?”

पाहिलं नव्हतं. तिनं एक चादर पिळून तुळईला बांधायला लावली. कुंडलिक आणि सिद्धाप्पा, कारखान्यातले सर्वांत जाडे दोघे, चादरीला लोंबकळले. तुळई करकरली. चादरीला काही झालं नाही.

“आता लिहा. ‘दोन माणसं लोंबकळली तरी आमची चादर फाटत नाही.’ पूर्णविराम.”

“लई उद्धट वाटतंय गं.”

“उद्धट नाही. तपासलेलं वाक्य आहे.”

पलीकडच्या गल्लीतल्या तिप्पण्णांनीही प्रस्ताव धाडला होता. त्यांची चादर उजेडात धरली की पलीकडचा माणूस ओळखू यायचा.

“त्याला चादर म्हणायचं,” महादेवी म्हणाली, “तर मच्छरदाणीला कांबळं म्हणा.”

आठवड्याभरात खात्याचे साहेब आले. लोंबकळण्याचा प्रयोग त्यांनी दोनदा करून घेतला. मग स्वतः चादर ओढून पाहिली.

“माल उत्तम. प्रस्तावही स्वच्छ, एक शब्द फालतू नाही. त्यामुळं माझं काम सोपं झालं.”

महादेवीनं वडिलांकडं पाहिलं. बसलिंगप्पांनी मान खाली घातली, पण ते हसत होते.

“ऑर्डर तिप्पण्णांना देतोय,” साहेब म्हणाले.

“त्यांची चादर एका माणसाच्या वजनानंही फाटेल,” महादेवी म्हणाली.

“फाटली. सकाळीच पाहून आलो.” साहेबांनी चादरीची घडी घालून बसलिंगप्पांच्या हातात दिली. “चादरी तुरुंगासाठी आहेत, बाई.”